उतारावरची पांढरी गाडी

वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. एका शहरातल्या कापड गल्लीत, डायलिसिसच्या दवाखान्यासमोर, रुग्णांची चाकाची खुर्ची वर चढवायच्या उतारावर एक पांढरी गाडी उभी होती. आत कोणी नव्हते. काचेमागे पोलीस खात्याचा पार्किंगचा पास होता. त्यावर लिहिले होते, 'शासकीय कामावर'. शेजारी पोलिसाची टोपी ठेवली होती. ज्याला पास वाचता येत नाही त्यालाही कळावे म्हणून.

उताराखाली खुर्चीत द्वारकाबाई खैरमोडे बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घेतल्याशिवाय त्यांचे भागत नव्हते. साडेअकरापर्यंत त्या आत पोचल्या नाहीत तर त्यांचे यंत्र पुढच्या रुग्णाला लागणार होते. मग पुढची पाळी थेट तीन दिवसांनी. डॉक्टरांनी बजावले होते, एकही पाळी चुकवायची नाही.

दवाखान्याला जिना होता. दोन माणसे त्यांना उचलायला पुढे आली.

"मागच्या वेळी असंच उचललंत आणि पाडलंत," बाई म्हणाल्या. "उतार माझ्यासाठी बांधलाय. मी चाकावरच जाईन."

त्यांनी पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला फोन केला आणि गाडीचा नंबर सांगितला. चौकातून वाहतूक हवालदार विमल टेंभुर्णे धावत आल्या. पाठोपाठ गाड्या उचलणारी क्रेन आली. क्रेनवाल्याने काचेकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

"ताई, पासाची गाडी आम्ही उचलत नाही. तशी रीतच आहे."

"कोणी घातली ही रीत?"

"घातली नाही कोणी. पडली."

टेंभुर्णेबाईंनी गाडीचा फोटो काढला, चलनाचे यंत्र हातात घेतले आणि जोरात शिटी वाजवली. समोरच्या साडीच्या दुकानातून निरीक्षक रणपिसे बाहेर आले. अंगावर साधे कपडे, दोन्ही हातांत पिशव्या.

"काय हो बाई, आपल्याच माणसाला चलन? पाच मिनिटांत निघतोय. आत मेव्हणीची खरेदी चाललीय."

"आधी गाडी काढा साहेब. आजींची वेळ जातेय."

"नाव काय तुमचं?"

"छातीवर आहे, साहेब. वाचा."

गल्ली हसली. रणपिसे चिडले. "पास दिसत नाही? गाडी ड्युटीवर आहे. चलन रद्द करा."

"ड्युटीवर असेल तर कंट्रोलला नोंद असते. नसेल तर आता द्या. नोंद झाली की मी रद्द करते." बाईंनी आपला वॉकीटॉकी पुढे केला.

रणपिसे यांनी तो हिसकावून घेतला. "कंट्रोल, निरीक्षक रणपिसे बोलतोय. खासगी गाडीसह कापड गल्लीत ड्युटीवर आहे."

रागाच्या भरात ते खात्याची पद्धत विसरले. ड्युटीवर म्हणून ज्याची नोंद होते, त्याला जवळचे काम लगेच मिळते. पलीकडून आवाज आला, "बरं झालं, सर. तिथलीच तक्रार पडून आहे. दवाखान्याच्या उतारावर पांढरी गाडी, नंबर एक्केचाळीस बहात्तर. गाडी हटवा, मालकावर कारवाई करा आणि कळवा."

द्वारकाबाई म्हणाल्या, "शोधा हो साहेब. लांब नसेल."

निरीक्षकांनी पिशव्या खाली ठेवल्या, किल्ली काढली आणि गाडी उतारावरून खाली घेतली. टेंभुर्णेबाईंनी चलन पूर्ण केले. नियमाप्रमाणे काचेमागचा पासही जप्त केला. मग रणपिसे वॉकीटॉकीवर म्हणाले, "गाडी हटवली. कारवाई झाली."

"मालकाचं नाव, सर?"

रणपिसे यांनी गल्लीकडे पाठ फिरवली. मग ते म्हणाले, "मीच."

अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी द्वारकाबाई यंत्राला लागल्या. सुई टोचणाऱ्या परिचारिकेला त्या म्हणाल्या, "हळू टोच गं. आणि आमच्या हवालदारीणबाईंनी काय केलं ते ऐक." बाहेर क्रेनवाला खाली उतरला आणि टेंभुर्णेबाईंना त्याने कडक सलाम ठोकला. हे शहर आपल्या नव्या उड्डाणपुलाचा अभिमान मिरवते. मिरवायचाच असेल तर या बाईचा मिरवावा. समोरच्याचा हुद्दा ठाऊक असूनही तिचा हात चलनावरून हलला नाही.

तात्पर्य एवढेच: वर्दीला दिलेली सवलत कामासाठी असते. ती घरच्यांच्या सोयीसाठी वापरणारा वर्दीची लाज घालवतो, आणि आपल्याच वरिष्ठाला नियम लावणारा ती लाज राखतो.

जप्त केलेल्या पासाचा क्रमांक तीनशे बारा आहे. खात्याने मंजूर केलेले पास ऐंशी आहेत. ऐंशीच्या वरचे पास कोणी छापले आणि कोणाकोणाला वाटून दिले, याचे उत्तर आजवर कोणीही दिलेले नाही.