म्हातारीने मोडलेला सौदा

फार फार वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या एका डोंगराळ गावात सफरचंदांची बाग राखणारं एक म्हातारं जोडपं राहत होतं. म्हाताऱ्याची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती. म्हातारीला त्याचा घोर लागला होता.

त्या गावात चार माणसं जमली की सैतानाशी केलेल्या सौद्यांच्या गोष्टी रंगत. एका गोष्टीतला नावाडी सैतानालाच शब्दांत पकडून सहीसलामत सुटला होता. दुसरीतल्या गिरणीवाल्याला हवं ते सगळं मिळालं, पण सात वर्षांनी सैतान त्याला घेऊन गेला. नावाडी हुशार आणि गिरणीवाला मूर्ख, असं सगळे म्हणत.

एका सकाळी म्हातारी बागेत फळं वेचत होती. कुंपणाशी एक रुबाबदार पाहुणा येऊन उभा राहिला. त्याच्या पायांखालचं गवत करपलं होतं. कोण आलंय, ते तिने लगेच ओळखलं.

"तुझ्या नवऱ्याची दृष्टी परत देतो," तो गोड आवाजात म्हणाला. "मोबदल्यात तुझं हसू दे. नाहीतरी हल्ली तू हसतेस कुठे? फक्त हे कोणाला सांगू नकोस. त्यालाही नाही."

म्हातारीला सौदा स्वस्तच वाटला. ती हो म्हणणार, तोच तिला त्या दोन्ही गोष्टी आठवल्या. एक सुटला, एक गेला. पण घरी दोघांनीही विचारलं नव्हतं. सुटलेला नावाडीसुद्धा जन्मभर बायकोची नजर चुकवत राहिला होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "ह्यांना विचारते."

"विचारलंस तर सौदा मोडला."

"मग मोडू दे." आणि तिने घराकडे वळून हाक मारली, "अहो, जरा इकडे येता का?"

म्हातारा काठी टेकत येईपर्यंत पाहुणा नाहीसा झाला होता. सगळं ऐकून म्हातारा तिच्याशेजारी बसला.

"तू हसलीस की घरात कुठे आहेस ते मला कळतं," तो म्हणाला. "ते गेल्यावर डोळे घेऊन मी काय बघणार होतो? तुझं रडवेलं तोंड?"

म्हातारीला रडू आलं आणि हसूही आलं.

त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याची नजर पूर्ण गेली. म्हातारीने घरापासून बागेपर्यंत दोर बांधला. तो धरून म्हातारा रोज झाडांपाशी जाई आणि फळ पिकलं की नाही ते चाचपून, हुंगून सांगे. ती टोपली धरून उभी राही. अशी त्यांची पुष्कळ वर्षं गेली.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो सौदा आपल्या माणसापासून लपवावा लागतो, तो कितीही स्वस्त वाटला तरी करू नये.