फाळका पाडून घेतलेलं माप

गाड्यांना आणि अवजारांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका पिकअपला पाठीवर फिरती खोली हवी होती, तीसुद्धा मोठ्या ट्रकसारखी आठ फुटी. टेपकाका मापाला आले, तशी तिने मागचा फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, आडवा पाडून हौदा लांब केला.

"फाळका लावून मोजू दे गं," काका म्हणाले.

"काका, तुम्ही नुसता आकडा सांगा!"

"आठ फूट," म्हणत काका निमूट गुंडाळले गेले.

आठ फुटी खोली चढली. घाटाच्या पहिल्याच चढावर मागचं ओझं खाली बसलं, पुढची चाकं उचलली गेली आणि स्टिअरिंग फिरवूनही पिकअप वळेना. कठड्याला घासून कशीबशी थांबली.

काका पुन्हा मापाला आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत तिने फाळका खटकन लावून घेतला.

"सहा फूट," काका म्हणाले.

"पहिल्यापासून सहाच होते, काका."