पाठीवरचा नंबर

नदीकाठच्या एका जंगलात एक म्हैस राहत असे. अंगाने दांडगी, पण स्वभावाने अगदी गरीब. मुलांनो, उन्हाळ्यात अलीकडचे गवत करपले, की ससे, खारी, उंदीर असे लहान जीव तिच्या पाठीवर बसून पलीकडच्या हिरव्या काठावर पोट भरायला जात आणि संध्याकाळी तसेच परत येत. नुकतीच व्यालेली एक ससीण तर तिच्यावाचून उपाशीच राहिली असती.

एकदा काय झाले, एका मगरीने "या, बसा, सोडते पलीकडे," असे म्हणून दोन उंदीर भर धारेत गट्टम केले. तेव्हा जंगलाच्या पंचायतीने नियम केला : ज्याला उतारू न्यायचे असतील त्याने परवाना घ्यावा, आणि परवान्यासाठी पंचायतीने दिलेला नंबर पाठीवर चुन्याने ठळक लिहून तपासणीला यावे. तोवर खेपा करायला मुभा होती. नियम काही वाईट नव्हता. पण तपासणीला बसवला कोल्हा, आणि कोल्हा म्हणजे कागदी घोडे नाचवण्यात पटाईत.

म्हशीला सात नंबर मिळाला. सकाळच्या दोन खेपा उरकून ती धापा टाकत तपासणीला गेली, तर पाठ कोरी!

"नंबर कुठाय?" कोल्ह्याने विचारले.

"अहो कोल्हेदादा, नदीतून आले ना, धुऊन गेला."

"अर्ज बाद. परवा या."

परवा तिने चुन्यात डिंक कालवला. तोही धुऊन गेला. पुन्हा "परवा या." तिसऱ्या वेळी म्हैस अगदी रडकुंडीला आली. "अहो, नदीत उतरायचं तर पाठ भिजणारच की! एकदा पाण्यात येऊन बघा तरी!"

कोल्हा शांतपणे म्हणाला, "बाई, नियमात नदीचा उल्लेख नाही." आता यावर कुणी काय कपाळ फोडून घ्यावे?

तेवढ्यात तिथे गाढव आले. त्याच्या पाठीवरचा आठ नंबर कसा ठसठशीत! पुसणार कसा? त्याने जन्मात कधी पाण्यात खूर घातला नव्हता. कोल्हा खूश झाला. त्याने गाढवाला परवाना दिला आणि म्हशीला घाटावर यायची बंदी केली. गाढव रोज काठावर उभे राहून, "पाणी जरा ओसरू द्या, मग निघू," म्हणे. उतारू ताटकळत बसत. आठ दिवसांत ससिणीच्या बरगड्या दिसू लागल्या. म्हैस लांबून बघे आणि नुसती चडफडे.

आणि एका दुपारी जंगलाला वणवा लागला. जो तो घाटाकडे पळत सुटला. "अरे, निघ लवकर!" सगळे गाढवावर ओरडले. गाढव मागे सरत म्हणाले, "आणि नंबर पुसला तर? परवाना जाईल माझा!"

ससीण पिल्लांना पोटाशी धरून ओरडली, "म्हशीमावशी, धाव गं!"

म्हैस बंदीबिंदी विसरून घाटावर आली. पहिल्या खेपेला तिने ससीण आणि पिल्ले नेली, मग बाकीचे जीव. शेवटी राहिला कोल्हा, काखेत कागदांचे गाठोडे घट्ट धरून.

"कोल्हेदादा, माझ्या पाठीवर नंबर नाही. चालेल ना?" म्हैस म्हणाली.

कोल्हा गाठोड्यासकट टुणकन चढून बसला. आगीची झळ लागताच गाढवानेही म्हशीचे शेपूट दातांत धरले आणि पाण्यात उडी घेतली.

पलीकडे पोहोचेपर्यंत गाढवाची पाठ कोरी झाली होती. कोल्ह्याने घाईघाईने गाठोडे सोडले. नियम, अर्ज, सह्या, शिक्के, सगळेच धुऊन गेले होते. तो ओले कागद उलटेपालटे करत बसला.

म्हैस अंग झाडत म्हणाली, "कोल्हेदादा, तुमचंही पुसलं की! आता परवा या."

तात्पर्य : ज्याचे काम पाण्यात, त्याची पारख काठावर बसून करू नये.