कलंडवलेली स्कूटर

चौदा नोव्हेंबर, कोरडी थंडी, वारा नाही. गाडीचे भाग आपसांत बोलत असत, त्या काळातली ही नोंद.

जानबा सुताराने तीन वर्षे पडवीत उभी असलेली स्कूटर बाहेर काढली आणि टाकीत ताजे पेट्रोल भरले.

"दुपारी भंगारवाला येतोय हो," बायको म्हणाली.

"त्याच्या आत सुरू करतो." रिवाजाप्रमाणे त्याने स्कूटर कलंडवली, सरळ केली, किक मारली. असे वीस वेळा केले.

"प्लगराव, झोपलात काय?" किक धापा टाकत म्हणाली.

"मी ठिणगी टाकतोय, पण इथं पेट्रोलचा थेंब नाही."

"मी तर काठोकाठ भरलेय!" टाकी म्हणाली.

मग अडले कुठे? सगळे कार्बोरेटरकडे पाहू लागले. तो ओशाळला. "तीन वर्षांपूर्वी गाडी उभी केली तेव्हा माझ्यात राहिलेल्या पेट्रोलचा डिंक झालाय. माझं बारीक भोक बुजलंय. कलंडवून काय होणार?"

"आधी का नाही बोललास?"

"मला कुणी विचारलंच नाही."

इकडे जानबाने प्लग काढून बोटाने चाचपला. तो कोरडा होता. मग त्याने कार्बोरेटर उघडला, भोकातून तांब्याची बारीक तार फिरवली, फुंकर मारली.

तिसऱ्या किकेला स्कूटर सुरू झाली. भंगारवाला रिकामी हातगाडी घेऊन परत गेला.