मारुतीचा पाट

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात नरहरपंत नावाचे पोथीवाचक राहत असत. दरवर्षी गुढीपाडव्याला ते आपल्या घराच्या ओसरीवर रामकथेची पोथी उघडत आणि रामनवमीला समाप्ती करत. दुपार कलली की गावातली माणसं हातातलं काम टाकून ऐकायला येत. पंतांचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पण त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती. कोणी शिंकलं तरी पंत वाचायचे थांबत आणि चष्म्यावरून बघत. मग तो माणूस पुढच्या वर्षापर्यंत शिंकत नसे.

रामकथा जिथे वाचली जाते तिथे मारुती ऐकायला येतो, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून वाचणाऱ्याच्या समोर त्याच्यासाठी एक पाट मांडायचा आणि त्यावर कोणी बसायचं नाही, हा रिवाज. पंत तो पाट स्वतः धूत, भोवती रांगोळी काढत, वर एक फूल ठेवत. रोज मांडत आणि रोज वाचन संपलं की उचलून भिंतीला उभा करून ठेवत. त्यात कधी चूक झाली नाही.

पंतांच्या बायकोचं, सगुणाबाईंचं तंत्र अगदी उलटं. त्या तुळशीशी भांडत, चुलीची समजूत घालत आणि देवाला नैवेद्य दाखवताना म्हणत, "आज मीठ जरा सढळ पडलंय, सांभाळून घे बाबा." पंतांना हे मुळीच आवडत नसे. "अगं, देव आहे तो," ते म्हणत. "म्हणूनच सांगतेय," सगुणाबाई म्हणत, "दुसरं कोण ऐकून घेईल?"

एकदा कुठून तरी एक पिवळा बोका आला आणि त्यांच्या चुलीमागे बसला, तो बसलाच. सगुणाबाईंनी त्याचं नाव ठेवलं भाऊजी. पंतांचं पित्त खवळलं. "मांजराला भाऊजी?"

"तुम्हाला भाऊ नाही, म्हणून मला दीर नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "हा जेवायला वेळेवर येतो, वाढलेल्याला नावं ठेवतो आणि काम सांगितलं की दिसेनासा होतो. दीर याहून वेगळा असतो का?"

त्या घराला मूलबाळ नव्हतं. पंतांची पोथी, सगुणाबाईंची थट्टा आणि तो बोका, एवढ्यावर संसार चालला होता.

एका हिवाळ्यात सगुणाबाईंना ताप आला. ताप उतरला, पण त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. माजघराच्या दारापाशी त्यांची बाज टाकली होती, तिथून ओसरी दिसे. शेजारची भिमाक्का पेज घेऊन येई आणि तशीच परत नेई. सगुणाबाईंचं बोलणं कमी झालं, थट्टा तर संपलीच. बोका तेवढा पायाशी वेटोळं करून पडलेला असे. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि पंतांना बाजूला घेऊन सांगितलं, "औषध मी देतो. पण जगायची हौस माझ्या बटव्यात नाही, पंत. ती त्यांची त्यांनाच आली पाहिजे."

पंत घाबरले. कधी बोलून दाखवलं नसलं तरी त्या बाईवाचून त्यांचं पान हलत नव्हतं. पाडव्याला पोथी उघडण्याआधी त्यांनी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. "देवा, यंदाचं वाचन सगुणेसाठी. एक अक्षर चुकणार नाही. एक अध्याय अर्धा राहणार नाही. एवढं मी करतो. तू तिला उठव."

वाचन सुरू झालं. चैत्राचं ऊन तापलं होतं, ओसरीवर पंखे हलत होते. कथेतला राजा पुत्राच्या विरहानं मूर्च्छित पडतो तिथवर पंत आले होते. माणसं डोळे पुसत होती. तेवढ्यात माजघरातून भाऊजी बाहेर आले. त्यांनी जमलेल्या मंडळींवर एक नजर टाकली, रांगोळी ओलांडली आणि सरळ मारुतीच्या पाटावर जाऊन बसले. शेपटी पायाभोवती नीट घेतली. मग पंतांकडे तोंड करून एवढी मोठी जांभई दिली, की पहिल्या रांगेला त्यांच्या दाढा दिसल्या.

ओसरीवर कोणी तरी खुदकन हसलं. आणि त्याच क्षणी माजघरातूनही हसू ऐकू आलं. बारीक होतं, खोकल्यात अडकत होतं, पण सगुणाबाईंचंच होतं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "भाऊजींनी मारुतीची जागा पटकावली की!"

"पंत, काकू हसल्या हो!" भिमाक्का ओरडली.

पंतांनी ते ऐकलं, पण मनात घेतलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की पाट विटाळला, वाचनात विघ्न आलं, संकल्पाला डाग लागला. उपरण्याचा फटकारा मारून त्यांनी बोक्याला हाकललं, पाट पुन्हा धुतला, रांगोळी पुन्हा काढली. संध्याकाळी त्यांनी येसाजी गाडीवानाला बोलावलं. "उद्या बाजाराला नदीपलीकडे जाशील ना? हा बोका पोत्यात घाल आणि तिकडेच सोडून ये."

सगुणाबाई बाजेवरून म्हणाल्या, "अहो, पाट मांडला होता. कोणी आलं, बसलं. एवढं काय त्यात?"

"तो मारुतीसाठी होता," पंत म्हणाले.

सगुणाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

येसाजी सकाळीच बोक्याला घेऊन गेला. त्यानंतर वाचन कसं अगदी बिनचूक चाललं. कोणी हसलं नाही, कोणी खोकलं नाही, पाटावरचं फूलसुद्धा हललं नाही. पंत मुद्दाम मोठ्यानं वाचत, म्हणजे आत ऐकू जावं. आत काही हालचाल नव्हती. पेजेची वाटी आता तोंडालाही लागेना. वैद्यबुवा आले, नाडी धरून बसले आणि औषध न देताच उठले. जाताना त्यांनी पंतांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. त्या हाताचा अर्थ पंतांना कळला.

दुसऱ्या दिवशी ते वाचायला बसले. मारुती समुद्र ओलांडून लंकेच्या दारात उभा राहतो, तो भाग होता. पंतांचा सगळ्यात आवडता. दारावर कडक पहारा आहे, आत कसं शिरायचं? म्हणून मारुती आपलं ते अवाढव्य रूप लहान करतो. लहान म्हणजे किती? मांजराएवढं.

पंत थांबले. दरवर्षी ते हे वाचत आले होते, पण आज त्यांचं बोट त्या शब्दावरच राहिलं. त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. पाट स्वच्छ होता, रांगोळी रेखीव होती, वर कोणी नव्हतं.

बोका म्हणजे मारुतीच होता, असं काही पंतांना वाटलं नाही. पंत खुळे नव्हते. पण इतकी वर्षं आपण पाट मांडला आणि कोणी आलं का हे एकदाही मान वर करून पाहिलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. कोणी येईल असं आपल्याला कधी वाटलंच नव्हतं. यंदा मात्र आपण देवाजवळ काही मागितलं होतं. सगुणेला उठव म्हटलं होतं. मग त्या दिवशी ती हसली ते काय होतं? मागितलेलं दारात आलं आणि आपण उपरणं मारून ते हाकललं. पंतांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांना बसवेना.

त्यांनी पोथी मिटली.

मंडळी दचकली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पंत, अध्याय अर्धा आहे! संकल्प मोडेल."

"मोडू दे," पंत म्हणाले. "मारुती लंकेच्या दारात उभा आहे, तो थांबेल माझ्यासाठी. माझं काम नदीपलीकडे आहे."

येसाजी उठला. "पंत, तुम्ही कशाला? मी जातो."

"नको. घालवला मी, आणणारही मीच. कुठे सोडलास तेवढं सांग."

"तेलघाण्यापाशी," येसाजी म्हणाला.

चैत्रात नदीला गुडघाभर पाणी होतं. पंत धोतर वर खोचून पलीकडे गेले. बाजाराचं गाव गजबजलेलं होतं. तेलघाण्यापाशी बोका नव्हता. पंतांनी गल्लीबोळ धुंडाळले, टोपल्यांमागे वाकून पाहिलं, "माऊ, माऊ" करून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. त्या बोक्याला एकच नाव ठाऊक होतं आणि पंतांनी ते आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

पंतांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "भाऊजी."

कोणी आलं नाही. मग त्यांना भिंतीकडे तोंड केलेली सगुणा आठवली. भर बाजारात उभं राहून, पोथी वाचायच्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी हाक मारली, "भाऊजी! ओ भाऊजी! घरी चला!"

दुकानदार बाहेर आले. एक दही विकणारी बाई पुढे झाली. "कोण हरवलंय, बाबा? मेहुणे का? रुसून आलेत वाटतं?"

"रुसून नाही हो," पंत म्हणाले. "मीच हाकललं त्यांना."

"दिसायला कसे आहेत?"

"पिवळे," पंत म्हणाले. "शेपटी आहे."

अख्खा बाजार हसला. पंत ओशाळून उभे राहिले. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांच्या पोटातूनही हसू वर आलं. किती वर्षांत ते असे हसले नव्हते. हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं आणि ते काही केल्या खळेना. दहीवाली हसायची थांबली. तिनं आपली टोपली बाजूला सरकवली. मागे भाऊजी बसले होते, मिशांना दही माखलेलं, पहिल्यापेक्षा चांगले गुटगुटीत. बोलावणं न करता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे ते पंतांकडे बघत होते.

पंतांनी उपरणं पसरलं. "चुकलो मी," ते म्हणाले. "चला, वहिनी वाट बघतेय."

तिन्हीसांजेला पंत घरी आले. ओसरीवरून एकही माणूस उठला नव्हता. ते कोणाशी न बोलता माजघरात गेले आणि बोक्याला बाजेवर ठेवून म्हणाले, "अगं, तुझे दीर आलेत."

सगुणाबाईंनी डोळे उघडले. बोका त्यांच्या हाताखाली डोकं घुसवू लागला. त्यांनी त्याच्या मिशांना बोट लावलं, वास घेतला. "बाजारात दही चापून आलाय मेला," त्या पुटपुटल्या. मग पंतांच्या ओल्या धोतराकडे पाहून म्हणाल्या, "सापडला कसा तुम्हाला?"

"हाक मारली."

"काय म्हणून?"

पंत ओलं धोतर झटकू लागले. मग म्हणाले, "भाऊजी म्हणून."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"सगळ्यांसमोर?"

"अगं, सगळ्या बाजारासमोर!"

सगुणाबाई हसू लागल्या. भिमाक्कानं त्यांना धरून बसवलं तरी हसणं थांबेना. ते ओसरीवर पोचलं आणि तिथली माणसंही हसली, आणि पंतांनी चष्म्यावरून कोणाकडे बघितलं नाही. "भिमाक्का," सगुणाबाई म्हणाल्या, "पेज असेल तर आण गं थोडी."

त्यांची बाज ओसरीवर आणली. पंतांनी दिवा लावला, पाट पुसला आणि म्हणाले, "या बंधू, बसा." भाऊजींनी पाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते पंतांच्या आसनावर जाऊन बसले. पंत बाजूला जमिनीवर बसले आणि तिथूनच अर्धा राहिलेला अध्याय वाचू लागले.

सगुणाबाई खडखडीत बऱ्या झाल्या, असं सांगितलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण तसं झालं नाही. रामनवमीचा सुंठवडा त्यांनी आपल्या हातानं वाटला. आंब्याचा मोसम पाहिला, लोणचं चाखून त्यात खोड काढली, देवाची आणि पंतांची भरपूर थट्टा केली. पंतही आता उत्तर द्यायला शिकले होते. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी बोक्याच्या पाठीवर हात ठेवून त्या शांतपणे गेल्या.

पुढच्या पाडव्याला माणसं बिचकतच ओसरीवर आली. पंतांनी पाट मांडला होता, फूल ठेवलं होतं. पोथीही उघडली. पण आवाज फुटेना. माजघराचं दार समोर दिसत होतं आणि त्या दारापाशी बाज नव्हती. कोणालाच काय करावं सुचेना.

तेवढ्यात आतून भाऊजी आले. आता तेही थकले होते, चाल संथ झाली होती. त्यांनी मंडळींवर नजर टाकली, रांगोळी ओलांडली, पाटावर बसले आणि पंतांकडे बघून एक भली मोठी जांभई दिली.

पंतांनी मान वर केली. उपरण्यानं डोळे पुसले आणि हसले.

"चला, ऐका," ते म्हणाले, "भाऊजी खोळंबलेत." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. माजघराचं दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

तात्पर्य: देवासाठी पाट मांडला की त्यावर जे येऊन बसेल त्याला हाकलू नये, आणि घरात आलेलं हसू हाही देवाचाच प्रसाद समजावा.