सरळ उभा गरुड

सांगलीच्या नाणे प्रदर्शनात अप्पासाहेब घारपुऱ्यांचा शब्द शेवटचा. खोटं नाणं सापडलं की ते भर मंडपात त्या माणसाचं टेबल उठवत. त्या दिवशी त्यांनी शेवंताबाई ओताऱ्यांच्या टेबलावरचा जुना अमेरिकन डॉलर उचलला. पुढे स्वातंत्र्यदेवीचा मुखडा होता. पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं फिरवलं, तर मागचा गरुड खाली डोकं वर पाय.

"बाई, हे खोटं आहे. हा माझा डॉलर बघा. देवी सरळ, गरुडही सरळ. आवरा तुमचं चंबूगबाळं."

शेवंताबाईंनी डब्यातली आणखी पाच अमेरिकन नाणी तशीच फिरवून दाखवली. पाचांचीही मागची बाजू उलटी. मग बटव्यातला आपला रुपया फिरवला. तो दोन्हीकडून सरळ.

"साहेब, तिकडे मागचा ठसा उलटाच मारतात. सरळ मारायची पद्धत आपली. तुमचा गरुड अमेरिकेचा नव्हे, इथेच कुठेतरी अंड्यातून बाहेर पडलाय. आता चंबूगबाळं कुणी आवरायचं, तेवढं सांगा."

आणि त्यांनी दोन चहा मागवले.