मित्रासाठी पुस्तक

“मग या चारांतलं चांगलं कोणतं, सर?”

यशपाल रंगारीने चारही पुस्तकं टेबलावर ठेवली होती. कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट परीक्षेची ती पुस्तकं, एकेक विटेएवढं जाड.

नगराळे सर व्याकरणाच्या एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कोणासाठी पाहिजे?”

“एक मित्र आहे, नागपूरचा. परीक्षा देऊन राहिला. मला म्हणे, तुमच्या सरांना विचार.”

“हं.”

तुमसरला एका विहाराच्या मागे टिनाची एक लांबट खोली आहे, तिला अभ्यासिका म्हणतात. डोमाजी नगराळे टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी या खोलीची किल्ली मागून घेतली. तेव्हापासून पोरांना शिकवायचं, फाटलेली पुस्तकं चिकटवायची, एवढंच त्यांचं काम. बोलणं त्यांना फारसं आवडत नाही.

यशपाल याच खोलीतला. खोलीतला सगळ्यात हुशार पोरगा, आणि ते त्याला जरा जास्तच माहीत होतं. कोणाचं गणित चुकलं की तो आधी हसायचा आणि मग समजावून सांगायचा. सांगायचा मात्र चांगलं, हे कबूल करायला हवं.

दिवाळीत तो ही परीक्षा पास झाला. त्याच्या वडिलांनी मोहल्ल्यात घरोघरी पेढे वाटले. याच खोलीत त्याचा सत्कार झाला, नगराळे सरांनी स्वतः शाल घातली. मग ‘अभ्यास कसा करावा’ यावर यशपाल पाऊण तास बोलला. दहा मिनिटं पुरली असती.

आता माघ सरत आला होता. दुपारची वेळ, पोरं जेवायला गेलेली. खोलीत दोघेच होते.

“हे परदेशी आहे,” यशपालने एकेक पुस्तक पुढे सरकवलं. “यात सगळं आहे, पण भाषा जड आहे. हे सोपं आहे, पण थोडं जुनं. यात नुसते प्रश्न आहेत, हजारभर. आणि या चौथ्याचं सगळे नाव घेतात. मित्र म्हणते, कोणतं धरावं तेच कळत नाही.”

सरांनी हात पुसले. पहिलं पुस्तक उचललं, पण उघडलं नाही. मिटलेलं पुस्तक आडवं धरून खिडकीच्या उजेडात नेलं आणि पानांची कड पाहिली.

मग दुसऱ्याची पाहिली. तिसऱ्याची. चौथ्याची.

“काय पाहता, सर?”

सरांनी चारही पुस्तकं एकावर एक रचली आणि कडेवरून बोट फिरवलं. प्रत्येक पुस्तकाची कड साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत मळलेली होती. त्यापुढे पांढरी स्वच्छ.

“तुझा मित्र पुढे जात नाही.”



जिथे मळ संपत होता तिथे सरांनी नख घातलं आणि पहिलं पुस्तक उघडलं. मग दुसरं. चारही पुस्तकं टेबलावर उघडी पसरली. चारही ठिकाणी एकच धडा होता.

“सबनेटिंग,” सर म्हणाले.

नाव भारदस्त आहे, पण काम वाटणीचं आहे. घराला नंबर असतो तसा प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. नंबर एवढे, खोल्या एवढ्या, कोणत्या खोलीत कोणते नंबर जातील ते काढायचं. हिशोब हातानं आला की येतो, नाही तर माणूस तिथेच घुटमळत राहतो.

“मित्राला हे काऊन जमत नाही?”

“जमते सर. ऑफिसात रोज करते तो. एक वेबसाइट आहे, आकडा टाकला की उत्तर येते. पण परीक्षेत ती नसते. तिथं एक पाटी देतात आणि मार्कर. मग गडबड होते.”

“तू कसं केलं तिथं?”

“मी... केलं बरोबर.”

“मग मित्राला सांगायला बरं पडेल,” सर म्हणाले. त्यांनी पाठकोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. “दोनशे छप्पन्न नंबर आहेत. आठ खोल्या. सगळ्यांना सारखे. सहाव्या खोलीचा पहिला नंबर काढ, आणि शेवटचा.”

“हे तर सोपं आहे.”

त्याचा हात सवयीनं खिशातल्या मोबाइलकडे गेला. सरांनी नुसतं पाहिलं. हात परत टेबलावर आला.

यशपालने भराभर लिहिलं. प्रत्येक खोलीला बत्तीस. पाच खोल्या सोडल्या, एकशे साठ गेले. सहाव्या खोलीला एकशे एकसष्टपासून एकशे ब्याण्णवपर्यंत.

कागद त्याने सरांकडे फिरवला. चेहऱ्यावर सत्काराच्या दिवशी होतं तेच हसू होतं.

सरांनी कागद वाचला.

“पहिल्या खोलीचा पहिला नंबर कोणता?”

“एक.”



खिडकीबाहेर कोणीतरी सायकल उभी केली, पाणी पिऊन निघून गेलं.

“...शून्य,” यशपाल हळूच म्हणाला. “नंबर शून्यापासून सुरू होतात.”

“मग?”

“मग एकशे साठपासून. एकशे एक्क्याण्णवपर्यंत.” त्याने कागद ओढून घेतला आणि खोडू लागला. खोडता खोडता कागद फाटला. “मला येते हे सर. घाईत झालं. मला येते...”

सरांनी पुन्हा खळीची वाटी जवळ घेतली. बोटानं व्याकरणाच्या पाठीवर खळ पसरवली, कापडाची पट्टी ठेवली आणि ती दाबून धरली.



“सर.”

“बोल.”

“मित्र नाही कोणी.”

सरांचा हात पट्टीवर तसाच राहिला.

“दोनदा बसलो. दोन्ही वेळा याच धड्यानं पाडलं. दुसऱ्यांदा सेंटरच्या पायऱ्या उतरत होतो तर बाबांचा फोन आला. ते म्हणाले, काय झालं रे? आणि माझ्या तोंडून ‘पास झालो’ निघून गेलं. घरी येईपर्यंत त्यांनी पेढे आणले होते.”

“शाल मी घातली,” सर म्हणाले.

“हो.”

“फार आनंद झाला होता मला.”

यशपालला वाटलं, सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्याने मान खाली घातली. नगराळे सरांना वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

“आता काय अडलं?”

“माझ्या ऑफिसनं सर्टिफिकेट मागितलं, सर. महिनाअखेरपर्यंत दाखवलं तर कायम करतात. नाही दाखवलं तर घरी बसवतात. अठ्ठावीसला शेवटची संधी आहे. आजपासून अठरा दिवस.” तो पुढे सरकला. “तुम्ही फक्त पुस्तक सांगा. मी दार लावून बसतो, झोपत नाही. पास होतो. मग सगळं खरंच होऊन जाते, आणि कोणाला काही कळत पण नाही.”

सरांनी फाटलेला कागद उचलला. दोन्ही तुकडे जोडून पाहिले.

“ही शून्याची चूक कधीपासून होते तुझी?”

“पहिल्या पुस्तकापासून.”

“चार पुस्तकं झाली.”

“हो.”

“कोणाला दाखवली कधी?”

यशपाल हसला, पण ते हसू जमलं नाही. “कोणाला दाखवू सर? इथली सगळी पोरं मला विचारतात. मी कोणाला विचारू?”

“दार लावून बसला तर तिथं कोण पाहणार?”

“...कोणी नाही.”

सर उठले. वयोमानानं सावकाश. त्यांनी चारही पुस्तकं मिटली, टेबलावर पालथी ठेवली आणि न पाहता त्यांतलं एक ओढून काढलं.

“हे.”

“हे चांगलं आहे?”

“मला माहीत नाही. पालथं होतं.”

“सर, थट्टा नका करू. माझी नोकरी आहे.”

“थट्टा नाही.” सरांनी ते पुस्तक पहिल्या बाकावर नेऊन ठेवलं, फळ्याच्या अगदी समोर. “हे पुस्तक या खोलीतून बाहेर जाणार नाही. वाचायचं ते इथं. गणित करायचं ते या फळ्यावर. चुकलं तर पोरं सांगतील.”

यशपाल त्या बाकाकडे पाहत राहिला. याच बाकासमोर उभा राहून तो दिवाळीत पाऊण तास बोलला होता.

“पोरं हसतील, सर.”

“हसतील.”

“विचारतील, पास झालेला माणूस इथं काऊन बसून राहिला.”

“विचारतीलच.”

“एक-दोन दिवसांत गावभर होईल.”

“एका दिवसात,” सर म्हणाले. “तुमसर केवढंसं आहे.”

पुस्तक उचलून निघून जावं, असं यशपालच्या मनात आलं. दार उघडंच होतं. तीन पुस्तकं टेबलावर होती, चौथं बाकावर. सरांनी त्याला अडवलं नसतं. तो उभासुद्धा राहिला.

मग त्याला दुसरंच काही आठवलं आणि तो मटकन खाली बसला.

“सर, पोरांचं जाऊ द्या. पोरांना सांगेन मी काही. पण बाबा... बाबा रोज सकाळी इथंच येतात ना, पेपर वाचायला. समोरच बसतात. मला पुस्तक घेऊन बसलेलं पाहिलं की विचारतील. तेच पहिले विचारतील. त्यांना काय तोंड दाखवू?”

सरांनी खळीची वाटी झाकली, चिकटवलेलं व्याकरण वजनाखाली दाबून ठेवलं. फडक्यानं टेबल पुसलं. पोरं जेवून परत येऊ लागली होती, बाहेर चपला काढल्याचा आवाज येत होता.

यशपालने डोळे पुसले.

“तुम्हीच सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात ते. मी इथं येतो, अठरा दिवस येतो, फळ्यावर करतो, पोरं हसली तरी करतो. पण बाबांना तुम्ही सांगा.”

“नाही.”

“मग निदान ते गेल्यावर येतो. पेपर वाचून झाला की.”

सर दाराकडे वळले होते. थांबले.

“किती वाजता येतात ते?”

सरांना ते माहीत होतं. यशपालच्या बाबांसाठी रोज सरच पेपर काढून ठेवत.

“साडेआठला,” यशपाल म्हणाला.

“तू आठला ये. उद्यापासून त्यांचा पेपर तू काढून ठेव.”